मीठ घातलेला बर्फ

प्लेटवर कुठेही जांभळा रंग दिसत नव्हता, आणि मी खुशीत खुर्चीवरून उठलेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. देवासच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी नवी होते. पेशंटच्या कॅन्सरच्या पेशी प्लेटच्या छोट्या खळग्यांत ठेवायच्या, त्यांच्यावर दोन-दोन औषधांच्या जोड्या टाकायच्या आणि शेवटी एक पिवळं द्रावण घालायचं. पेशी जिवंत असतील तर ते जांभळं होतं. पिवळंच राहिलं तर पेशी मेल्या, म्हणजे जोडी चालली.

या पेशी धारच्या दिघेकाकूंच्या होत्या. ओव्हरीचा कॅन्सर. पोटात पाणी साठायचं आणि त्या पाण्यातच पेशी असायच्या. बाटलीत भरलेलं ते पाणी काकांनी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून, इंदूरला बस बदलून, स्वतः आणून दिलं होतं. पहिल्या औषधांचा उपयोग झाला नव्हता. आता कोणती द्यायची, यासाठी डॉक्टर आमच्या रिपोर्टची वाट बघत होते.

तपासलेल्या तिन्ही जोड्या पिवळ्या! मी लॅबचे प्रमुख शर्मा सर यांना न विचारता धारला फोन लावला.  काका लगेच काकूंना मोठ्यांदा सांगताना ऐकू आले. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

शर्मा सर प्लेटकडे बघून एवढंच म्हणाले, "बिना दवा वाली लाइन देखी?"

सगळ्यात खालच्या ओळीत आम्ही औषध घालत नसू. तिला कंट्रोल म्हणतात. तिथल्या पेशी जगायलाच हव्यात. तीही ओळ पिवळीधमक होती. म्हणजे पेशी आधीच मेलेल्या होत्या. सँपल आल्या आल्या त्या जिवंत आहेत का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं असतं. त्या दिवशी घाईत मी ते टाळलं होतं.

मी धारला दुसरा फोन लावला. थर्मास कसा आणला, ते काकांना विचारलं.

"अगं, रस्ता लंबा. बर्फ टिकावा म्हणून मूठभर खडेमीठ टाकलं. पॉटच्या आइस्क्रीमला टाकतो ना, तसं."

मिठाने बर्फ आणखी गार होतो. बाटलीतलं पाणी गोठलं आणि पेशी मेल्या. मी सांगितलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही काका. आल्यावर बघायचं काम माझं होतं. मी चुकले." हे खरंच होतं, आणि तरी म्हणताना रडू आलं.

आठवड्याभरात काकूंचं पोट पुन्हा पाण्याने भरलं. दुखण्याचीच खूण ती, पण आम्हाला दुसरी संधी मिळाली. काका बाटली नुसत्या बर्फात घेऊन आले, आणि मी झाकण उघडून बघेपर्यंत बसले नाहीत. या वेळी मायक्रोस्कोपखाली पेशी जिवंत दिसल्या. चार दिवसांनी मी आधी खालची ओळ बघितली. जांभळी! वरच्या दोन जोड्याही जांभळ्याच. तिसरी तेवढी पिवळी.

प्लेटवर चाललेलं शरीरात चालेलच असं नसतं. काकूंना चाललं. पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला धारला बोलावलं. पॉटचा दांडा त्या स्वतः फिरवत होत्या. काकांनी मिठाचा डबा पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "आधी हिला विचारा." हसताना त्यांना धाप लागली, तरी हात थांबला नाही. त्यानंतर त्यांना आणखी दोन उन्हाळे मिळाले. तसं आइस्क्रीम मी पुन्हा कुठे खाल्लं नाही.

आता प्लेट मशीन वाचतं. नव्या मुली रिझल्ट घेऊन धावत येतात. मी त्यांना सरांचाच प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणालाही फोन करू देत नाही.