चरगा कुणी टाकायचा

आमच्या आईला लोक जमीनदारीणबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागं. माझे अप्पा वनरक्षक होते. अळणावरकडच्या रानात वणवा विझवताना गेले. कामावर असताना गेले म्हणून सरकारनं आईच्या नावे दोन एकर पड जमीन दिली, गावाच्या शेवटाला, रानाला लागून. लगेच काहींच्या पोटात दुखायला लागलं. नळावर एक बाई म्हणाली, "नशीब लागतं बाई, फुकटात शेत मिळालं!" आईनं घागर खाली ठेवली. "घे की मग. शेत तू घे, नवरा मला दे." त्यानंतर नळावर कुणी त्या शेताचं नाव काढलं नाही.

शेत तरी कसलं, नुसते दगड आणि करवंदीच्या जाळ्या! आईला धारवाडात अप्पांच्या जागी शिपायाची नोकरी मिळाली होती. सप्तापुरात आम्ही मायलेकी एका खोलीत राहायचो आणि रविवारी पहिली बस धरून शेत गाठायचो. दगड वेचून बोटांची सालटी निघाली. नांगर मात्र थोरल्या काकांनी घातला, आपल्या बैलांनी, काही न घेता. आम्ही त्यांना दोड्डप्पा म्हणतो. वनखात्यात नोकरी लागली तेव्हा अप्पांनी वाडवडलांचा तुकडा सगळा त्यांनाच सोडला होता, त्याची जाण त्यांना होती. खोटं कशाला बोलू, ते नसते तर आमची ज्वारी उभी राहिली नसती. पण हळूहळू गाव आमच्या शेताला त्यांचंच नवं शेत म्हणायला लागलं, आणि दोड्डप्पा काही "नव्हे" म्हणेनात. माझं डोकं फिरायचं. मी आधीच फटकळ.

आणखी एक होतं. दोघा भावांचा आवाज अगदी एक. अप्पा गेल्यापासून दोड्डप्पांचा फोन आला की आई न बोलताच तो माझ्या हातात द्यायची.

मग एळ्ळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी घरचं सगळं रांधलेलं शेतात न्यायचं, पाच दगडांना चुना लावून पूजा करायची आणि टोपल्यात भाकरी-भाजी कुस्करून उभ्या पिकात शिंपडायची. हाच चरगा. टोपलंवाला पुढं चालत "हुलिग्योऽऽ!" अशी आरोळी घालतो, मागचे "ओऽ" देतात. चरगा टाकेल तो शेताचा धनी. कागदावर नाव कुणाचंही असो, गाव हेच मानतं.

आईनं कडबू, तिळाच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगांच्या पोळ्या असं सगळं पहाटेपासून खपून केलं होतं. पूजा झाली. दोड्डप्पांनी नवा पटका बांधलेला. त्यांनी टोपल्याला हात घातला तर दुसऱ्या बाजूनं आईचा हात!

"भावजी, टोपलं मी घेते. तुम्ही मागनं ओ द्या."

काकू पुढं होत म्हणाली, "यव्वा! बाईमाणसानं? आणि त्यात तू..."

"त्यात काय? पुरं बोल की!" मी उसळलेच.

"तू गप गं." आईनं मला दटावलं आणि काकूकडं वळली. "हे शेत कशापायी मिळालं ते सगळ्यांस्नी ठाऊक हाय. त्यांच्या जागी मीच चालणार."

दोड्डप्पांचा हात सुटला. चेहरा एवढासा झाला. ते पहिल्या बांधाला जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण आईनं टोपलं सोडलं नाही याचा आनंदच जास्त झाला.

आई ज्वारीत शिरली. पहिली आरोळी अगदी बारीक निघाली. मी मागून घसा फोडून ओ दिली, मग तिचाही आवाज चढत गेला. ऑफिसात साहेबांपुढं मान खाली घालून चहा ठेवणारी माझी आई ती! दोन्ही हातांनी घास उधळत, ज्वारीच्या खांद्याएवढ्या ताटांतून ताठ चालत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, बघा रे, आमच्या अप्पांची बायको आहे ही.

शेवटच्या बांधाशी ती थांबली. पलीकडं रान. चरगा आपल्या शिवेच्या आतच टाकायचा असतो. टोपल्यात शेवटची मूठ उरली होती, ती आईनं बांधापलीकडं भिरकावली.

"अगं, ते सरकारचं!" काकू ओरडली.

"त्यांचं शेत तेच होतं," आई म्हणाली. "जन्मभर राखलं की."

मग रानाकडं तोंड करून तिनं अशी आरोळी घातली की वरचे पक्षी उडाले. मी ओ दिली नाही. ती हाक मला नव्हतीच. झाडांतून काही आलं नाही. टोपलं कमरेवर घेऊन आई तशीच उभी राहिली.

आणि मागून, पहिल्या बांधावरून, ओ आली. लांब, भरदार. आवाज अप्पांचा होता.

आई वळली नाही. रानाकडं बघतच म्हणाली, "भावजी, आणखी एकदा."

दोड्डप्पांनी दिली.