अपियोच्या गाण्याखालचं माझं नाव

नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं ठाऊक आहे. हे एक मात्र त्याच्याही कानावर गेलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे—तुम्हालाच का, ते विचारू नका.

आधी अपियोबद्दल बोलू दे, कारण तिचं नाव काढलं की माझी मान आपोआप ताठ होते. ती युगांडाची, नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला आमच्या शेजारच्या घरात राहायची. मधे फक्त झुडपांचं कुंपण. तिची आजी दळताना जी गाणी म्हणायची, ती अपियो सोल संगीताच्या अंगाने गायची—लाकडी खोक्यावरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडत. लॉकडाउनमध्ये सगळे हॉल बंद झाले, तशी ती मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये गायला लागली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला. आवाज भरदार, आणि वर जाताना एकदम मऊ. ही मोठी होणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं—एवढं तरी खरं आहे.

आजीच्या त्या गाण्याला दोनच ओळी होत्या. त्यांच्या मधे काहीतरी हवं होतं, आणि ते तिला सापडेना. कितीतरी दुपारी ती तिथवर यायची, अडायची, स्वतःशीच हसायची, पुन्हा सुरू करायची. आणि एके दिवशी ते आलं—सूर चढता चढता मधेच वळला आणि अलगद आजीच्या ओळीवर येऊन बसला. माझ्या हातातली सुरी थांबली. माझी मुलगी शेजारीच होती, तीही खिडकीशी आली.

ते गाणं तिने घरातूनच रेकॉर्ड केलं आणि बघता बघता ते सगळीकडे पोचलं. त्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती झूमवर. आरतीनंतर कुणीतरी त्या गाण्याचा विषय काढला, आणि मला राहवेना. माझी शेजारीण आहे ती, म्हटलं. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते थोडं आणखी हवं होतं मला.

"ते मधलं वळण आहे ना," मी म्हटलं, "ते आपल्या जात्यावरच्या ओवीचं. माझ्याकडून घेतलंय तिने."

मी—जिने जातं पाहिलंय ते लग्नातल्या हळदीपुरतं.

"पण आई, शी मेड इट अप," मुलगी म्हणाली. "वी हर्ड हर." मी घाईने म्यूट दाबलं.

मंडळातल्या कुणीतरी ते मोठ्या अभिमानाने तिच्या व्हिडिओखाली लिहिलं. दुसऱ्या दिवशी अपियो कुंपणापाशी आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू स्वयंपाक करताना गुणगुणतेस," ती म्हणाली. "ते माझ्या कानात राहिलं असेल का? मला खरंच कळत नाहीये. तू सांग."

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? आम्ही दोघींनीच तर ऐकलं होतं ते जन्मताना—मी आणि माझ्या मुलीने. मी म्हटलं, "मेबी."

तिने मान डोलावली. तिच्या पहिल्या अल्बमवर त्या गाण्याखाली चालीसाठी दोन नावं आहेत—तिच्या आजीचं आणि माझं. तिचं स्वतःचं नाही.

निर्बंध उठल्यावर आइंडहोवनला तिचा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. आजीचं गाणं त्या वळणावर आलं आणि अभिमानाने माझा ऊर भरून आला—हो, तेव्हाही. गाणं संपल्यावर तिने स्टेजवरून माझ्याकडे हात केला, नाव सांगितलं. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, हात जोडले. शेजारच्या खुर्चीवर माझी मुलगी हात मांडीवर ठेवून बसून होती.

ते वळण अपियोचं आहे. तिला ते सापडलं, तेव्हा मी कुंपणाच्या अलीकडे कांदा चिरत होते.