वांग्याचा साहेब

लिफ्टसमोरच्या घरातल्या आंटींना मी पहिली दोन वर्षं सरळ टाळत होते. खोटं कशाला बोलू? सिंगापुरात सेम्बावांगला आलो तेव्हा माझ्या डोक्याला नवी नोकरी, मुलीची शाळा आणि भाड्याचं घर एवढे व्याप होते, आणि त्या बाईंना बोलायला माणूस हवं असायचं. वय ऐंशीच्या पुढे, नवरा कधीच गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. त्यांच्या जातकुळीच्या लोकांना इकडे युरेशियन म्हणतात. घराण्यात मागे कुठेतरी एखादा गोरा, बाकी सगळे इथलेच. दिसले की विचारायच्या, इंडियात कुठली तू? मी म्हणायची, मुंबईकडची, आणि लिफ्टचं बटण दाबायची. दापोली म्हटलं असतं तर त्यांना काय कळणार होतं, कपाळ?

सूत जमलं ते सोलकढीवरून. एकदा त्यांचं पोट बिघडलं म्हणून वाटीभर नेऊन दिली, तर बाई त्या गुलाबी रंगावरच फिदा. मग दरवर्षी आई पाठवायची त्या आमसुलांतली एक बरणी त्यांच्याकडे जायला लागली. त्या ती माशाच्या कालवणात घालायच्या. म्हणायच्या, मलाय लोक घालतात त्या आसाम नावाच्या आंबटापेक्षा हे बरं, याला मिठाची चव आधीच आहे.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर एक जाडजूड फाइल आणून टेबलावर ठेवली. आमच्याकडे जसे पाहुण्याला लग्नाचे अल्बम दाखवतात तशातला प्रकार असेल म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. पण फाइलमध्ये फोटो नव्हते. होते ते फक्त एका माणसाचा माग काढणारे कागद. आंटींच्या पणजीचा बाप. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा खेड्यातला. जमीनदाराने मेंढ्या पाळायला जमीन मोकळी केली, घरं गेली, आणि हा सुतारकाम शिकलेला पोरगा जहाजावर चढून सिंगापूरला आला. इथे मलाक्काच्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली. मग एक दिवस सहा महिन्यांत येतो म्हणून मुंबईच्या जहाजावर गेला, तिथे पलटणीत शिपाई म्हणून भरती झाला आणि पुन्हा काही आला नाही.

आंटींनी कपाटातून घराण्याचं बायबल काढलं. पहिल्या कोऱ्या पानांवर त्यांच्यात जन्म आणि मृत्यू लिहायची पद्धत. सगळ्यात वरची ओळ काळ्या शाईने खोडलेली होती, इतक्या जोरात की कागद फाटला होता. बारा वर्षं वाट बघून त्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने खोडलेली. त्या खालोखाल त्याची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी, अशा आंटींपर्यंत. थोरल्या मुलीला त्याच्या त्या मुलीचंच नाव ठेवायचं, ही रीत त्या घरात तेव्हापासून चालत आलेली. आंटींचंही तेच नाव.

मी जरा फटकळपणेच बोलले. गेला तो गेला, आता कशाला शोधायचा? आमच्याकडे अशी माणसं काय कमी आहेत? कोणी मुंबईला गेला, कोणी आफ्रिकेला, गावात नुसता म्हणायचा कोणी की दुसरं घर केलंन तिकडे, संपला विषय. आंटी रागावल्या नाहीत. जुलैत त्यांचा मुलगा त्यांना पर्थला नेणार होता, हा फ्लॅट विकायला काढला होता. जाण्याआधी त्यांना एवढंच कळायला हवं होतं.

"तो आम्हाला विसरला की नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. "माझी आई हाच प्रश्न घेऊन मेली. मला घेऊन मरायचं नाही."

मी फाइलच्या शेवटी चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी उघडली. आत चांदीची एक पिन होती, काळी पडलेली. त्याने लग्नात बायकोला दिलेली. नाव खोडलं तरी पिन काही त्या बाईला टाकवली नव्हती. मी ती उजेडात धरली आणि मला हसूच आलं. त्यावर वांगं होतं. आमचं काटेरी देठाचं वांगं, वर तुरा फुटलेलं.

आंटी म्हणाल्या, वांगं नव्हे गं, ते स्कॉटलंडचं काटेरी फूल. त्यांच्याकडे सगळीकडे असतं.

माझं हसू तिथेच थांबलं, कारण हे वांगं मी आधी पाहिलेलं होतं. पाहिलेलं म्हणजे काय, त्याच्यावर बोटं फिरवत माझं लहानपण गेलेलं होतं.

दापोली ही पूर्वी गोऱ्या पलटणींची छावणी. अजून म्हातारी माणसं कॅम्प दापोली म्हणतात. आमच्या परसाची गडग्याची भिंत जिथे ढासळली आहे, तिच्या पलीकडे त्या साहेबांची थडगी. बहुतेक झाडोऱ्यात गेलेली, पण एक मोठी काळी शिळा आमच्या अगदी हाताशी, आडवी, गुळगुळीत, दिवसभर उन्हात. मे महिन्यात तिला हात लावाल तर चटका बसेल. माझी आई व्यवहारी बाई. रातांब्यांची सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी आमसुलांना पुटं चढवायला तिला तसलीच जागा हवी होती. बाबा म्हणायचे, अगो, थडगं आहे ते. आई म्हणायची, असू दे, साहेबाला सध्या काय काम आहे? पण सालं पसरण्याआधी शिळेपाशी वाकून ती रोज म्हणायचीच, "साहेब, जरा जागा द्या हं." आणि पहिलं लालबुंद साल त्या कोरलेल्या वांग्यापाशी ठेवायची. आम्ही पोरं त्याला वांग्याचा साहेब म्हणायचो. कोंबड्या-शेरडं हाकायला मला तिथे बसवायचे, आणि पाचवीत एबीसीडी आल्यावर मी पहिली इंग्रजी अक्षरं वाचली ती त्या शिळेवरची. पण वरच्याच दोन-तीन ओळी, त्याही अर्ध्यामुर्ध्या. खालचा भाग शेवाळाने आणि मातीने बुजलेला होता.

मी आंटींना विचारलं, मुंबईनंतर तो कुठे गेला याचा काही कागद आहे का? होता ना. पेन्शनर शिपायांच्या यादीची झेरॉक्स. त्यात त्याच्या नावापुढे एका गावाचं नाव, साहेबी वळणाने लिहिलेलं. आंटींनी ब्लॉकमधल्या प्रत्येक इंडियनला ते विचारून झालं होतं. तमिळ झाले, पंजाबी झाले. मला विचारायचं राहिलं, कारण मी मुंबईची होते ना! मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. दोन वर्षं मी जे नाव सांगायचा कंटाळा केला, तेच त्या कागदावर होतं.

मी आंटींना एवढंच सांगितलं की हे माझं गाव आहे आणि आमच्या घरामागे एक शिळा आहे. आमसुलांचं मात्र गिळून टाकलं. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पुढच्याच रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. इथे दुपारचे साडेबारा, तिकडे सकाळचे दहा. मे महिना संपत आलेला. एकदा पाऊस लागला की शिळेवर शेवाळ धरणार, मग सहा महिने काही दिसायचं नाही. आंटी लेस लावलेला चांगला फ्रॉक घालून माझ्या डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून लेकीने फोन टीव्हीला जोडून दिला. तिकडे भावाने फोन धरला होता. चित्र हललं, पांढरं झालं, आणि मग दिसली ती आख्खी शिळा लालभडक! मेल्याला सांगून ठेवलं होतं की आधी सगळं उचल.

आंटींनी विचारलं, ते लाल काय आहे?

लेक इथल्या पोरांसारखं 'ला' लावून म्हणाली, "कोकम ला, आंटी. सेम लाइक युअर्स." कार्टीला नको तेव्हा बरोबर तोंड फुटतं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. आईचं परवानगी मागणं सांगितलं, पहिलं साल ठेवणं सांगितलं, तुमच्या बरणीतली आमसुलंही त्यातलीच हेही सांगितलं. आंटी उठून दाराबाहेर गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. दोन मिनिटांनी त्या परत आल्या त्या हातात आमसुलांची बरणी घेऊन. बरणी त्यांनी टेबलावर स्वतःसमोर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, "तिला सांग, चालू दे."

तिकडे आईने सालं सुपात भरली, शिळा नारळाच्या शेंडीने घासली, पाणी मारलं, फडक्याने टिपली. खालची माती तिने आदल्या दिवशीच खुरप्याने काढून ठेवली होती. पण अक्षरं झिजलेली, काळ्यावर काळी, फोनमध्ये काहीच उमटेना. भाऊ म्हणाला, जाऊ दे, नंतर खडू आणतो. आई म्हणाली, खडू कशाला? आणि आत जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली.

माझ्या आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. ती शिळेपाशी मांडी घालून बसली, चिमटीत रांगोळी घेतली आणि बोटाला जिथे खाच लागेल तिथे ती भरत गेली. उंबऱ्यावर रेघ ओढते तशी, न थांबता, न चुकता. एखादी दगडातली चीरही भरायची, मग मी इथून ओरडायची की ते अक्षर नव्हे, पूस. ती अंगठ्याने पुसायची. काळ्या शिळेवर पांढरी अक्षरं एकामागून एक उगवत होती, आणि ती कोणती आहेत हे तिला ठाऊक नव्हतं, तर आम्ही इथे, समुद्रापलीकडे, श्वास रोखून ती वाचत होतो. मी आयुष्यात देवळं पाहिली, सोहळे पाहिले, पण अशी भारावून मी कधी गेले नव्हते. मी हात जोडले होते, हे लेकीने नंतर सांगितलं.

आधी नाव आलं. फाइलमधलंच. आंटींनी ते मोठ्याने उच्चारलं. त्या घरात ते कितीतरी वर्षांत कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मग पलटण. मग स्कॉटलंडमधल्या खेड्याचं नाव. मेंढ्यांनी हुसकलेला तो सुतार कुठल्या कुठे फिरून आमच्या परसात येऊन पडला होता, आणि मी साडेपाच तासांच्या विमानात जेवण गार दिलं म्हणून तक्रार लिहिते!

मग एक रिकामी जागा, आणि खाली आणखी एक ओळ. तिच्यावर मातीचा थर होता म्हणून ती आम्हाला लहानपणी कधी दिसलीच नव्हती. आईची चिमूट फिरत होती. "तसेच त्याची कन्या," मी वाचलं. आणि पुढे नाव आलं. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. पाचव्या अक्षराला आंटींनी माझा हात घट्ट धरला. ते त्यांचं नाव होतं. त्यांच्या आईचं, आजीचं, पणजीचं.

पण पणजी तर सिंगापुरात म्हातारी होऊन वारली होती. मला काही उमगेना. शेवटची ओळ भरून झाली तेव्हा कळलं. वय वर्षं दोन. ही दुसरी मुलगी होती. त्याने आमच्या गावात दुसरा संसार मांडला होता, आणि तिथे झालेल्या पोरीला इथे मागे ठेवलेल्या पोरीचं नाव ठेवलं होतं.

आंटी टीव्हीकडे बघत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

आईने तिकडून विचारलं, काय गो लिहिलंय शेवटी? मी सांगितलं की एक पोरगी पण आहे आई तिथे, दोन वर्षांची. आई रांगोळीचा हात तसाच धरून राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं मी साहेबालाच विचारत्येय," ती म्हणाली. "पोरीला विचारलंच नाही."

तिने सुपातलं एक साल उचललं, बघून परत टाकलं, दुसरं चांगलं लालबुंद निवडलं आणि त्या नावापाशी ठेवलं. मी त्या बोलण्याचं इंग्रजी करून आंटींना सांगितलं.

संध्याकाळी आंटींनी मला त्यांच्याकडे बोलावलं. टेबलावर बायबल उघडं होतं, शेजारी पेन. हात थरथरतो, दिसत नाही, तू लिही, म्हणाल्या. मला वाटलं, खोडलेलं नाव पुन्हा लिहायचंय. त्या ओळीशेजारी थोडी जागा होतीच. मी पेन तिथे टेकवलं.

"तिथे नको," आंटी म्हणाल्या. "तो विसरला नाही, पण आलाही नाही. ती ओळ ज्या बाईने खोडली तिची आहे. तिच्या खाली लिही. पोर आमची आहे."

मी खाली लिहिलं. आंटींचं नाव, शाळेत काढायचे तशा सुट्या, ठळक अक्षरांत. वय दोन वर्षं. आणि ठिकाणाच्या जागी माझ्या गावाचं नाव.