अक्काचा पास्ता आणि कच्ची पपई

माझी थोरली बहीण धुळ्याला असते. आम्ही पारोळ्याजवळच्या एका खेड्यात वाढलो, मी शिक्षिका होऊन जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले, ती लग्न करून धुळ्याला गेली. तिला सगळेच अक्का म्हणतात, मीही. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते. भाची पुण्याहून आली होती, आणि रविवार असल्यामुळे अक्काने पांढऱ्या सॉसमधला पास्ता केला होता. आम्ही जेवायला बसलो, पण ती काही बाहेर येईना. पाणी आणायला आत गेले, तर ती ओट्याशी उभी राहून ज्वारीची भाकरी आणि मेथी खात होती.

"बाहेर ये ना," मी म्हटलं.

"माले भाकर बरी शे. तुम्ही खा."

पावसाळ्यातच तिला साखरेचा त्रास असल्याचं निघालं होतं. डॉक्टरांनी मैदा बंद केला, भात कमी केला. तिने गोड सोडलं, भात सोडला, कशाचीही कुरकुर केली नाही. पण पास्त्याच्या भांड्याकडे ती ज्या नजरेने बघत होती, ती मला नवीन होती. रात्री मी विचारलं, "भात सोडला तेव्हा काही वाटलं नाही, मग याचंच एवढं का?"

ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "बाकीनं बठ्ठं माले कोनी ना कोनी शिकाडेल शे. हाई मी एकलीच शिकेल शे."

खरंच होतं ते. भाकरी आईने शिकवली, शेवभाजी सासूने. पास्ता मात्र लेक नोकरीला गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, तिने मोबाइलवर बघून बघून जमवला होता. आणि तिला नेमकं काय आवडायचं तेही तिने सांगितलं. चव नाही. जिभेवर गुळगुळीत लागतो आणि तरी दाताखाली जरा अडतो, ते.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. असं काही ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही. गुळगुळीत आणि तरी अडणारं, पण पिठूळ नसलेलं, असं काय असेल? जळगावला परत येताना एरंडोलपर्यंत मी तोच विचार करत होते.

आधी दुधी करून पाहिला. सोलाण्याने लांब पट्ट्या काढल्या, मीठ लावून पाणी पिळलं, परतल्या. कढईत छान दिसत होत्या. सॉस पडला आणि दुधीने उरलेलं पाणी सोडलं, ताटात पांढरं सूप झालं. मग एका मोठ्या दुकानात झुकिनी ही काकडीसारखी विलायती भाजी मिळाली, ती घेऊन धुळ्याला गेले. अक्काने एक पट्टी तोंडात घातली, डोळे बारीक केले आणि हसायलाच लागली.

"हाई ते गिलकंच शे!"

मीही खाऊन पाहिलं. अगदी तसं नाही, पण शिजल्यावरचा तो मऊ, हिरवट गोडवा गिलक्याचाच, म्हणजे घोसाळ्याचाच, होता. एवढ्या लांबून आलेल्या भाजीचं आमच्या घरी एका वाक्यात बारसं झालं.

तिसऱ्या वेळी मी ऑनलाइन कोंजॅकच्या शेवया मागवल्या आणि अक्काकडे नेल्या. हा एक कंद असतो, त्याच्या पिठात तंतू असतात आणि पोटात साखर होण्यासारखं जवळजवळ काही नसतं. शेवया पाण्यात बुडवलेल्या होत्या, पाकीट दूधपिशवीसारखं लिबलिबीत. कात्री लावली आणि मासळीबाजार धुतल्यासारखा वास घरभर पसरला. बाहेरच्या खोलीतून भाऊजी ओरडले, "काही मेलं आहे का आत?"

वास जावा म्हणून खूप वेळ वाहत्या पाण्याखाली धुतल्या, मग कोरड्या तव्यावर टाकल्या. तव्यावर त्या चक्क चिवचिवायला लागल्या. अक्का झाऱ्या हातात धरून वाकून बघत होती. कितीतरी दिवसांनी ती स्वयंपाकाकडे अशी बघत होती, त्यामुळे मला त्या शेवयांचं कौतुकच वाटलं.

ती चावत राहिली. चावत राहिली.

"सांग, कसं लागस?" मी विचारलं.

"दातखाले कुईकुई करस. अन याले चवच नही." मग तिने एक शेवई चिमटीत धरून ताणली आणि सोडली. ती टुणकन जागेवर आली. "गुळगुळीत शे, पन सॉस याले धरतच नही. पानी घागरवरथून जास तसं जास."

तिचं बरोबर होतं. सॉस खाली, शेवई वर, दोघांची ओळखच झाली नव्हती. पण त्या दिवशी ती माझ्याबरोबर ताट घेऊन बसली होती. त्यानंतर फोनवर आमचं बोलणं हेच. कोबी करून पाहिला का? त्याला वास येतो. अंड्याचं पातळ धिरडं करून कापलं तर? चांगलं लागतं, पण ते आम्लेटच. नवलकोल? मध्येच दोरे लागतात.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी धुळ्याला वादळी वारा सुटला आणि अक्काच्या मागच्या अंगणातलं पपईचं झाड आडवं झालं. कच्च्या पपयांनी लगडलेलं. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडेच होते. सकाळी तिने पपया गोळा केल्या. काही शेजारी दिल्या, काहींची भाजी केली, तरी टोपली भरलेलीच. मग मी सोलाणं घेतलं.

शिजवलेली पपईची पट्टी दुधीपेक्षा बरीच कणखर होती, तिला स्वतःचा फारसा वासही नव्हता. पण अजून काहीतरी कमी होतं, चावताना ती कचकन तुटायची. अक्का पट्टी बोटांत वाकवून बघत बसली. त्याच दिवशी गच्चीवर तिने लेकीसाठी कुरडया घातल्या होत्या. ती उठली, उरलेल्या कच्च्या पट्ट्यांना मीठ चोळलं, चीक आणि पाणी पिळून काढलं आणि कुरडयांच्या शेजारी फडक्यावर पसरल्या.

"वाळवून काय करणार?" मी विचारलं.

"वाळाडनं नही. निस्त्या सुकाडना." म्हणजे कडक होऊ द्यायच्या नव्हत्या, फक्त ओल उडवायची होती.

वैशाखातलं धुळ्याचं ऊन. आम्ही चहा घेऊन वर गेलो तोवर पट्ट्या मरगळून चामड्यासारख्या लवचीक झाल्या होत्या. तिने त्या उकळत्या पाण्यात घातल्या, मऊ होऊ दिल्या आणि निथळून लसूण, टोमॅटो आणि किसलेल्या चीजमध्ये घोळवल्या. सॉस त्यांना धरून राहिला. पट्टी जिभेवरून घसरली, दाताला जरा अडली आणि मग तुटली. मी अक्काकडे बघितलं. ती दुसरा घास घेत होती.

"पास्ता नही हाई," ती म्हणाली. "पन चांगलं शे."

गव्हाची ती भाजल्यासारखी, पोटभरीची चव त्यात नव्हतीच, आणि मागे किंचित कडवट काहीतरी राहत होतं. भाऊजींनी एक घास खाऊन भाकरी मागितली. भाची आली तेव्हा तिने मात्र दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "मावशी, हे कुठल्या दुकानातलं?"

पुढच्या तपासणीत साखर आटोक्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, कधीमधी थोडा खरा पास्ताही चालेल. अक्काने लेकीच्या वाढदिवसाला केला आणि स्वतःसाठी वाटीभर घेतला. डोळे मिटून खाल्ला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, याची सर पपईला नाही. खोटं कशाला बोलायचं?

पण एरवीच्या रविवारी तिच्याकडे पपईच असते. अंगणात तिने नवी रोपं लावली आहेत, त्यांना फळं येईपर्यंत बाजारातून कच्ची पपई आणते. जेवायला सगळ्यांबरोबर बसते. परवा फोनवर विचारत होती, सुरणाच्या पट्ट्या सुकवल्या तर घशाला खाजतील का. मी म्हटलं, करून बघू, मी शनिवारी येते.