सभासद नंबर एकशे बेचाळीस

"तुमी बसा म्हनताय, पर ती बसंल कशी? मी सासरा हाय न्हवं हितं," नाथाजी म्हणाला. "लगीन होऊन सात वर्सं झाली, माझ्याम्होरं खुर्चीवर टेकली न्हाई कवा."

"मग तू भाईर जा," हरिबा सुभेदार म्हणाला.

नाथाजी उठला आणि चप्पल शोधायला लागला.

"थांबा," शांतिनाथ गुरुजी म्हणाले. "हे गेले तर आज बसेल. पण सोमवारी मुंबईत समोर जे बसणार आहेत, ते सगळे ह्यांच्याच वयाचे. त्यांना कसं बाहेर घालवायचं?"

नाथाजी परत बसला.

विट्यापासून कोसावर असलेल्या त्या गावात दूध संकलन केंद्राच्या खोलीत हे चाललं होतं. दुपारचे चार वाजले होते आणि दूध यायला दीड तास होता. टेबलावरचं फॅटचं मशीन बाजूला सारून तिघं ओळीनं बसले होते. मधे गुरुजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मूळचे मिरजेकडचे जैन, नोकरीला आले आणि इथंच राहिले. डावीकडे फौजेतनं आलेला हरिबा. उजवीकडे नाथाजी. तो पॅनेलमधे कसा, तर खोलीची किल्ली त्याच्याकडे होती म्हणून. सव्वीस वर्षं तो ह्या केंद्रावर दूध मापत होता.

समोर लाल खुर्ची, आणि खुर्चीशेजारी उभी नाथाजीची सून अंजना.

अंजना फौजदाराच्या परीक्षेची लेखी पास झाली होती. मैदानही मारलं होतं. माहेर माणमधलं, लहानपणी मेंढरांमागं धावलेली, त्यामुळं पळायचं तिला नवल नव्हतं. आता मुलाखत तेवढी राहिली होती. वयाची मर्यादा ह्या वर्षी संपत होती, म्हणजे हुकलं की कायमचं हुकलं. नवरा धनाजी कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायचा. तो फोनवर म्हणाला होता, "गुरुजींस्नी सांगून दोन-चारदा तालीम करून घे." ही पहिलीच तालीम. तीनदा दारातनं आत बोलावलं, तिन्ही वेळा ती आत आली, नमस्कार केला, गुरुजींनी "बसा" म्हटलं आणि ती उभीच राहिली.

"पोरी, मुद्दाम करतीयास का?" हरिबा म्हणाला.

"न्हाई वो दाजी. गुडघंच वाकत न्हाईत," अंजना म्हणाली. "मामा दिसलं की पदराकडंच हात जातुया."

"उभ्यानंच दे मग मुलाखत. म्हनतील, बाई बंदोबस्ताला आलीया."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी आलेलं नाथाजीला दिसलं. त्यानं नजर वळवली, ती भिंतीवरच्या सभासदांच्या यादीवर गेली. तिथं नावं नव्हती, नुसते नंबर होते.

नाथाजीची ही रीतच होती. मापाला बसला की तो माणसाचं तोंड बघत नसे, नंबर विचारायचा. सख्ख्या भावाला नंबर, सरपंचाला नंबर. मागच्या दिवाळीत त्याच्या स्वतःच्या घरचं दूध डिग्रीला कमी, म्हणजे पातळ लागलं. किटली घेऊन ही अंजनाच आली होती. "एकशे बेचाळीस, दूध परत," एवढंच तो बोलला आणि पुढचा नंबर पुकारला. घरी बायको आठ दिवस धड बोलली नव्हती.

नाथाजीनं टोपी नीट केली. मशीन ओढून पुढ्यात घेतलं, रोजच्यासारखं.

"परत भाईर जा," तो म्हणाला. "हाक मारली की ये."

अंजना बाहेर गेली. नाथाजीनं मान खाली घातली आणि मापावरच्या कोरड्या आवाजात पुकारा केला, "एकशे बेचाळीस."

ती आत आली.

"एकशे बेचाळीस, बसा."

आणि ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर.

गुरुजींनी संधी सोडली नाही. जिल्हा, तालुका, दुष्काळ, कायदा, एकामागून एक विचारत गेले. ती बोलायला लागली. भाषा बदलली, आवाज बदलला. माहीत नसलं की "माहीत नाही सर" म्हणून मोकळी. नाथाजी मान खाली घालूनच ऐकत होता. आपल्या घरात भाकरी थापणारी ही, आणि हे एवढं हिच्यात कधी साठलं, कुठं साठलं?

मग हरिबानं खवचटपणे विचारलं, "समजा, तुमी फौजदार झाला. ठाण्यात तक्रार आली की दूध केंद्रावरचा मानूस मापात मारतोय. मानूस तुमचा सासरा. काय कराल?"

नाथाजीनं मान वर केली. आता सुनेचा हात पदराकडं जाणार हे त्यानं धरलंच होतं.

हात हलला नाही.

"तक्रार नोंदवून घेईन," अंजना म्हणाली. "माझं नातं आहे हे वरिष्ठांना लेखी कळवीन. तपास दुसऱ्याकडे द्या म्हणीन."

"आन घरी गेल्यावर?"

"जेवायला वाढीन. तक्रारीचं बोलणार नाही."

हे सांगताना ती थेट नाथाजीकडं बघत होती. सात वर्षांत पहिल्यांदा. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता आणि भीडही नव्हती.

नाथाजी एकदा कोयनेला गेला होता, धरणाचे दरवाजे उघडल्यावर. कठड्याला धरून तासभर उभा होता आणि शेजारच्यानं काय विचारलं तेही त्याला कळलं नव्हतं. आज तसंच झालं. ही आपली सून, हे त्याला माहीत होतं, पण समोर बसलेल्या बाईला अगं म्हणायची त्याची जीभ होईना.

"गड्या, जामीन बघून ठेव," हरिबा म्हणाला.

"नाथाजीराव, तुम्हाला काही विचारायचंय?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई जी," नाथाजी म्हणाला. गुरुजींना म्हणाला की अंजनाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गुरुजी घाईनं उठले, दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असायचं. "उद्या ह्याच वेळी," ते म्हणाले.

बाहेर किटल्या वाजायला लागल्या होत्या. अंजना खुर्चीवरनं उठली आणि उठता उठताच पदर डोक्यावर आला. "मामा, म्हस वरडत आसंल, जाते," म्हणून ती धार काढायला गेली.

हरिबानं जाता जाता लाल खुर्ची दाराबाहेर ठेवायला उचलली.

"ऱ्हाऊ दे हितंच," नाथाजी म्हणाला. "उद्या लागंल."

मग त्यानं मशीनचं बटण दाबलं, नमुन्याची बाटली फडक्यानं पुसली आणि दारातल्या पहिल्या किटलीकडं हात केला.

"नंबर?"