अकरा नंबरचा रस

सेगेद शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एतेल्का पंचवीस वर्षं काम करत होती. रोग्याच्या लहान आतड्यात रबरी नळी सोडून ओढलेला रस तिच्याकडे यायचा. त्यातली चरबी ती क्लोरोफॉर्मने वेगळी करी. मग पित्तातली आम्लं पाहायला एक थेंब लेप दिलेल्या काचपट्टीवर टेकवी. फवारा मारून पट्टी तापवली की निळे डाग उमटत. बाटल्यांवर नुसते आकडे असत. माणूस कोण ते कळत नसे, आणि तिला तेच बरं वाटे.

चौऱ्याहत्तरच्या शरदात डॉक्टर विदोरना संशोधनासाठी वीस निरोगी माणसांचा रस हवा होता. नळी गिळणाऱ्याला एक दिवस सुट्टी. काचसामान धुणारी बोर्बाला सगळ्यांच्या आधी तयार झाली.

"अगं, चरबी फासलेला पाव हाणते रोज, तरी घागरा सैलच होतोय," ती हसत म्हणाली. "माझ्या पित्ताला जरा दम भर!"

आपला नंबर अकरा, हेही तिनेच सांगून टाकलं; म्हणून ती बाटली कुणाची, हे एतेल्काला ठाऊक होतं. रस पाण्यासारखा फिका निघाला. पट्टीवरचे डाग तर उजेडाला धरले तरच दिसत, म्हणजे त्यात पित्त जवळजवळ नव्हतंच. तिने दुसरी पट्टी केली. तेच.

"नळी पोटातच अडकली असेल," विदोर म्हणाले. "टाकून द्या."

"लिटमस लावून पाहिला, डॉक्टरसाहेब. पोटातलं आम्ल नाही. रस आतड्यातलाच आहे."

"एतेल्काबाई, तुम्ही पट्ट्या बघा. माणसं मी बघतो."

तिने दोन्ही पट्ट्या खणात ठेवून दिल्या. पण झोपताना डोळ्यांपुढे ती कोरी पट्टीच येई. नवव्या दिवशी ती धुण्याच्या खोलीत गेली. बोर्बाला दंड कराकरा खाजवत होती.

"मेला साबण बाधलाय."

एतेल्काने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. डोळ्यांचं पांढरं हळदुलं झालं होतं.

"हात पूस. सर्जनकडे जायचंय."

"आत्ता? अगं, बाटल्या कोण धुणार?"

"राहू देत बाटल्या!"

एतेल्का कधी आवाज चढवत नसे. बोर्बालाचं हसू मावळलं. दोघी जिना चढल्या. दोन्ही पट्ट्या एतेल्काने टॉवेलात गुंडाळून घेतल्या होत्या.

पोट उघडलं तेव्हा स्वादुपिंडातल्या गाठीने पित्तनळी आवळली होती, आणि गाठीची पिल्लं यकृतभर पसरली होती. सर्जनने पोट तसंच शिवून टाकलं. फेब्रुवारीत बोर्बाला गेली.

दफनाच्या वेळी तिच्या बहिणीने विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं होतं?"

"सर्जनकडे नेलं त्याच्या नऊ दिवस आधी."

नऊ दिवसांनी काही फरक पडला नसता, असं सर्जन म्हणाला होता. ते एतेल्काने बहिणीला सांगितलं नाही. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नव्हता.