बारावा कोट

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. इंग्रजी नाटकात जहाजाचा कप्तान व्हायचं मी ठरवलं, तोपर्यंत ही उणीव मला कधी जाणवली नव्हती.

जालन्याच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे वर्गात तोंड उघडायचं नाही एवढं शहाणपण अंगी होतं. वर्षभरात मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. मंठ्याहून आलेला म्हणून सगळे ‘ए मंठा’ म्हणायचे. (अंबडच्या मुलाला मात्र अनिल म्हणायचे. अंबडला कोर्ट आहे ना!)

अशात इंग्रजीच्या सरांनी जाहीर केलं, की स्नेहसंमेलनात विलायतेतलं एक जुनं, जहाजावर घडणारं, गाण्यांनी भरलेलं विनोदी नाटक करायचं. इंग्रजीतच! निवड रविवारी अकरा वाजता. एक गाणं म्हणून दाखवायचं. पोशाख आणला तर उत्तम. मी विचार केला, कप्तानाचं नाव नाटकाच्या पत्रिकेत छापतात. एकदा नाव छापून आलं, की ‘मंठा’ म्हणायची कुणाची हिंमत आहे?

सरांच्या कॅसेटवरचं गाणं मी देवनागरीत उतरवून घेतलं आणि तयारीला घरी आलो. कप्तान डुलत चालतो म्हणे. म्हणून मी बैलगाडीवर उभा राहिलो आणि धाकटी बहीण शोभी समोरून जू वरखाली करू लागली. तिसऱ्या लाटेला मी शेणात पडलो.

“काय करून राह्यलं हे?” अण्णांनी गोठ्यातून विचारलं.

“दादा जहाजावर हाये,” शोभी म्हणाली.

“मंग उतर म्हणाव. कडबा आणायचाय.”

आई अभिमानानं मध्ये पडली. “राहू द्या हो! कॉलेजात कप्तानाची जागा निघालीय.”

अण्णा थबकले. “परमनंट हाये का?”

पोशाखाचा प्रश्न बापूमामांनी सोडवला. आईचे हे भाऊ शेती सोडून लग्नाचा बँड चालवायचे. त्यांनी लाल कोट काढला. पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर! असा कोट विलायतेच्या राजानंही जपूनच वापरला असता.

“आमचा झांजवाला आजारी हाये, त्याचा कोट रिकामाच हाये. आन् रविवारी आमचं लग्न जालन्यातच. टेम्पोत बस. खर्चा बिलकुल न्हाई.”

मामा फुकट काही देत नाहीत, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

आमच्याकडे बँड माणसांवर ठरत नाही, कोटांवर ठरतो. बारा कोट ठरले म्हणजे बारा कोट. आत कोण आहे, याची चौकशी होत नाही. टेम्पो थांबला, तर नवरदेवाचे काका बोट उगारून मोजायला उभेच!

“दोन मिनिटं उभा राह्य भाच्या,” मामा कुजबुजले. “नुसती मोजणी होऊ दे.”

“...अकरा, बारा. बराबर!” काका म्हणाले. मी निघालो, तोच त्यांनी माझी बाही धरली. “कुठं चाल्ला? वाजव!”

कुणीतरी माझ्या हातात झांजा दिल्या. मिरवणूक निघाली. मित्रमंडळी दर दहा पावलांना नाचायला थांबत होती आणि काका दर थांब्याला कोट मोजत होते. अकरा वाजून गेले, तेव्हा आम्ही कॉलेजच्या फाटकासमोर होतो. तिथं सगळा वर्ग उभा!

“अरे, हा तर मंठा!”

मी पळालो. थेट हॉलमध्ये, स्टेजवर, आणि धापा टाकत गायला लागलो. तेवढ्यात बाहेर मामांनी क्लॅरिनेट फुंकली. माझ्या तोंडून शब्द विलायतेचे आणि चाल वरातीची निघू लागली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी माझे हात आपोआप एकमेकांवर आपटले. झांजा खाली ठेवायच्या राहिल्या होत्या!

“सापडला बारावा!” काका दारातून ओरडले.

सरांनी चष्मा वर केला. “हा आपला कोण?”

“आमचा हाये! ठरवून आणलाय!”

सर माझ्याजवळ आले. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. डोळ्यांत कौतुक होतं.

“अप्रतिम,” ते म्हणाले.

मी विनयानं मान खाली घातली.

“बटणं पितळी आहेत का रे?”

दोन दिवसांनी यादी लागली. कप्तान झाला इंग्रजी शाळेतून आलेला एक गोरागोमटा मुलगा. कोट झाला आमचा. माझ्याकडे प्रयोगाआधी त्या मुलाला कोटाची बटणं लावून देण्याची जबाबदारी आली. (समुद्राचा अनुभव लागत नाही, असं सर म्हणाले.)

प्रयोगाला घरचे सगळे आले. कप्तान डुलत आला, तसे अण्णा मांडीवर थाप मारून ओरडले, “बघा, आपला!” छापील पत्रिकेच्या शेवटच्या ओळीत होतं: ‘कोट – मंठा’.

ती पत्रिका अण्णांनी अजून जपून ठेवलीय. पाहुणा आला, की काढून दाखवतात. “आमचा कोट इंग्लिश नाटकात होता!”

“आणि मुलगा?” पाहुणा माझ्याकडे बघून विचारतो.

“ह्यो? ह्यो त्याच्यासंगं टेम्पोत गेल्ता.”